सत्तरीच्या सासूबाईंना पुढची बीएल मालिका कोणती लावू?

कृष्णाकाठची (सांगली)

मंडळी, "नवीन माणसानं बीएल (बॉइज लव्ह, म्हणजे दोन पोरांच्या प्रेमाच्या मालिका) कुठून सुरू करावं" या याद्या इथं ढिगानं पडल्यात. माझा नवीन माणूस सत्तरीचा आहे, म्हणून वेगळं विचारतेय.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिते. सौद्यांच्या दिवसांत घरी येईपर्यंत आठ वाजतात, पदरापासून मोबाईलच्या कव्हरपर्यंत सगळं पिवळं. जेवणं, ओटा, विरजण झालं की मग माझा टीव्ही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये 'टूगेदर' ही थाई मालिका बघितली आणि तेव्हापासून थायलंड सुटलेलं नाही. आवाज बारीक, दिवा बंद, आणि बाजूच्या कॉटवर आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, भिंतीकडं तोंड करून झोपलेल्या. असं माझं आपलं चालायचं.

तर 'बॅड बडी' चालू होती. गच्चीवरचा प्रसंग. पाठीमागनं आवाज आला, "ही दोगं भाऊ हाईत का गं?"

मी म्हटलं, "नाही आत्या, शेजारी आहेत. दोन घरांचं वैर आहे."

"मग बोलत्यात कसं?"

"चोरून."

"वैर कशापायी? बांधावरनं असंल."

बँकॉकमध्ये कुठला बांध! पण मला सांगता येईना, कारण वैराचं खरं कारण मालिका बऱ्याच उशिरा उलगडते. आत्या उठून बसल्या, उशी पाठीला लावली आणि म्हणाल्या, "लाव मग. बघू."

शेवटपर्यंत बघितली. वैराचं मूळ कळलं तेव्हा "बांध बरा हुता" एवढंच म्हणाल्या. दोघं पोरं एकमेकांची आहेत हे त्यांना कधी कळलं म्हणाल, तर मला वाटतं पहिल्याच दिवशी. मी सांगायची वाट बघत होत्या.

आता अडचण अशी. आत्यांना इंग्रजी येत नाही, आणि आलं असतं तरी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर एवढ्या बारीक ओळी दिसत नाहीत. म्हणून मी खालच्या ओळी मोठ्यानं मराठीत वाचते. पोरं भराभरा बोलायला लागली की माझी दमछाक होते, म्हणून यूट्यूबचा वेग पाऊणपट करते. मग आवाज असे जड होतात की आत्या विचारतात, "ह्येला झोप आलीया का?" त्यात थायलंडवाले एकेक भाग चार तुकड्यांत टाकतात. तुकडा संपला की जाहिरात, आणि जाहिरातीत आत्यांची शंका.

तर मला हवी अशी मालिका, जिच्यात माणसं जरा सावकाश बोलतात. घर असावं, आईबाप असावेत, नुसती कॉलेजची पोरं नकोत. शेवट रडका नको. लांबलचक पलंगाचे प्रसंग नकोत. आत्यांचं काही नाही, पण आमचा नववीतला पोरगा पाणी प्यायच्या निमित्तानं नेमका तेव्हाच उठतो. आणि घर शाकाहारी, अंडंसुद्धा येत नाही, तेव्हा 'मूनलाइट चिकन' कुणी सुचवू नका. मला स्वतःला ती फार आवडते, पण नायक उभ्या उभ्या सोललेली कोंबडी सुऱ्यानं तोडतो ते बघून आत्या ताटावरनं उठतील.

"वयस्कर माणसांना असलं कशाला दाखवता" असं ज्यांना विचारायचंय त्यांनी कृपया दुसरा धागा बघावा.

---

गुलाबी_दूध (कराड)

ताई, आधी तुमच्या आत्यांना नमस्कार सांगा. "बांध बरा हुता" आमच्या होस्टेलच्या ग्रुपला पाठवलंय.

माझं मत 'सोटस'ला. २०१६ ची, या सगळ्या लाटेची सुरुवात तिथनं झाली म्हणतात. तशी त्याआधी २०१४ ला 'लव्ह सिक' येऊन गेली होती, पण बाहेरच्या देशांत वेड लावलं ते सोटसनं. इंजिनिअरिंगचं कॉलेज, तिसऱ्या वर्षाचा खडूस सिनियर आर्थित, पहिल्या वर्षाचा काँगपोब. सिनियर सगळ्यांवर ओरडणार आणि स्वतः पिणार काय, तर गुलाबी दूध. माझं नाव तिथनंच घेतलंय. पलंगाचे प्रसंग नावालाही नाहीत, पोराला खुशाल पाणी पिऊ दे.

नाहीतर सरळ 'किनपोर्श' लावा आणि काय होतंय ते इथं लिहा. 😄

---

कृष्णाकाठची (सांगली)

किनपोर्श! बाई, त्यात माफिया, बंदुका, साखळदंड. मी स्वतः ती कानात हेडफोन घालून, पांघरूण डोक्यावर घेऊन बघितलीय.

सोटसचं म्हणशील तर मला आवडते, पण आत्यांपुढं नाही टिकायची. पहिले भाग नुसते मैदानात उभं करून ओरडणं आहे. आपल्याकडं रॅगिंगविरुद्धचा कायदा १९९९ चा. ही बाई पहिल्या दहा मिनिटांत विचारणार, "प्राचार्य कुठं मेल्यात?" आणि त्या मालिकेत प्राचार्य खरंच कुठं दिसत नाहीत.

---

तरफ_आणि_तारा (मिरज)

नमस्कार. आमचं घर तंतुवाद्यांचं. मी स्वतः सतारीचे भोपळे घासण्यापलीकडं फार काही शिकलो नाही, पण कान तयार आहे. इथं बहुतेक सगळ्या ताई-वहिनीच दिसतात, माझ्यासारखा पन्नाशीचा माणूस चुकून आला असं समजा. मुलीनं नादाला लावलं.

मी 'द अनटेम्ड' सुचवतो. चीनची, २०१९ ची, ५० भाग. एक नायक बासरी वाजवतो, दुसरा कूचिन, म्हणजे सात तारांचं आडवं वाद्य, मांडीवर किंवा मेजावर ठेवून वाजवायचं. प्रेताच्या आत्म्याला प्रश्न विचारायचा तर तोही तारेवरच विचारतात आणि उत्तर तारेवरच येतं. मी तेवढ्यासाठी पुन्हा पुन्हा तो भाग लावतो. नटाची बोटं बघितली तर कळतं की वाजवणारा दुसराच कुणी आहे, पण ते सोडा.

मिठी-चुंबन काही नाही. ती दिग्दर्शकाची शालीनता नव्हे, तिकडचे नियम. २०१६ मध्ये 'अ‍ॅडिक्टेड' नावाची मालिका संपायच्या आत तिकडच्या साइटींवरून उतरवली होती. मग पुढच्यांनी मूळ कादंबरीतलं प्रेम काढून तिथं जिवलग मैत्री घातली, आणि नटांनी ते काढलेलं सगळं डोळ्यांत परत आणलं. दुसरा नायक लान वांगजी भागभर चार वाक्यं बोलतो. तुम्हाला वाचायला सोपं जाईल. २०२१ नंतर तर असल्या कादंबऱ्यांवरच्या मालिकांना तिकडं दारच बंद झालं, तयार झालेल्या डब्यात पडून आहेत.

बाकी, दोन पुरुषांचं प्रेम रंगमंचावर बघायची सवय आपल्या भागाला नवी नाही. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. नाटक लिहिणारे खाडिलकर आपल्या सांगलीचे, बालगंधर्वांचं म्हणून ओळखलं जाणारं नागठाणं पलूस तालुक्यातलं. दोन कंपन्यांचे चाहते त्या काळात एकमेकांचं तोंड बघत नसत, आणि हे दोघं एका रंगमंचावर प्रियकर-प्रेयसी. आजच्या पोरी "माझी जोडी, तुझी जोडी" म्हणून भांडतात, ते बघून मला तेच आठवतं. तुमच्या आत्यांच्या घरात त्यांच्या लहानपणी नाटकाचं वेड असेल तर त्यांना हे सांगून बघा.

---

बेदाणा (तासगाव, सध्या पुणे)

बराच काळ नुसता वाचतो, आज लिहितोय.

तरफसाहेब, मुद्दा मस्त आहे, पण एक फरक राहतो. भामिनी ही बाई आहे. बघणाऱ्याला बाई दिसत होती, म्हणून त्याला चाललं. बीएलमध्ये दोघंही बाप्येच राहतात, आणि तिथंच घरच्यांचा घास अडकतो. मी गे आहे, द्राक्षबागायतदाराचा मुलगा आहे, घरी थोरल्या बहिणीला माहीत आहे, बाकी कुणाला नाही. तेव्हा मी या मालिका थोड्या वेगळ्या कानानं ऐकतो.

ताई, तुम्हाला एवढंच सांगायचंय की जुन्या थाई मालिकांत एक वाक्य हमखास येतं: "मला मुलं आवडत नाहीत, फक्त तू आवडतोस." बायकांनी बायकांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांतनं ते आलंय आणि वाचणारीला त्यात गोडवा वाटतो, मान्य. पण सत्तरीच्या माणसाच्या डोक्यात तेच वाक्य राहतं. "म्हणजे ह्यो तसला न्हाई, ह्येचं एवढ्यापुरतंच हाय." पुढं घरात, भावकीत असा कुणी निघाला की त्यालाही तेच विचारणार: दुसऱ्या कुणाबरोबर लग्न लावलं तर जाईल का? माझ्या बहिणीनं मला हे शब्दशः विचारलंय. ती वाईट नाही. तिला कुणीतरी तसंच दाखवलेलं होतं.

म्हणून मालिका अशी निवडा, जिच्यात माणूस स्वतःला काय आहे ते ओळखतो आणि तरी भाजी आणतो, भाडं भरतो, आईचा फोन घेतो. दुःखी नको, हे तुमचं बरोबर. आमच्या वाट्याला सिनेमात मरण फार येतं.

'अनटिल वी मीट अगेन' कुणीतरी सुचवणारच, म्हणून आधीच लिहितो. पुनर्जन्म, लाल धागा, दोन घरांचा विरोध, वर नारळाच्या दुधातली गोडाधोडाची पक्वान्नं. आत्यांना पटकन कळेल असं सगळं आहे. पण सुरुवातीलाच दोन पोरं जीव देतात. मी ती एकट्यानं बघितली आणि दोन दिवस कुणाशी बोललो नाही. मालिका चांगलीच आहे. पहिली म्हणून नको.

---

पोवईनाका (सातारा)

बेदाणा, तुझं वाचून आधी चहा करून आले आणि मग लिहायला बसले. तू लिहिलंस ते बरं केलंस.

कृष्णाकाठची, तुझं उत्तर बेदाण्याच्याच शेवटच्या ओळींत आहे. 'व्हॉट डिड यू ईट यस्टरडे?' जपानची, टीव्ही टोकियोवर २०१९ ला आली, फुमी योशिनागा यांच्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून. शिरो वकील, केंजी केस कापणारा. दोघंही चाळिशी ओलांडलेले, एकत्र राहतात. आता यात कथानक काय म्हणशील, तर शिरो साडेपाच-सहाला ऑफिसमधनं निघतो, स्वस्त दुकानात जातो, दूध कुठं किती आणि टोफू कुठं किती हे बघतो आणि घरी येऊन रांधतो. महिन्याला २५ हजार येनांत दोघांचं खाणं बसवायचं, येन वाचला की चेहऱ्यावर असा आनंद! एका भागात कलिंगड स्वस्त मिळतंय पण दोघांना मोठं होतं, म्हणून बाजारात भेटलेल्या अनोळखी गृहिणीबरोबर अर्धं-अर्धं करतो, आणि त्यातनं त्यांची मैत्री जमते. हे आत्यांना कुणी समजावून सांगायची गरज आहे का?

शिरोचं काम करणारे हिदेतोशी निशिजिमा म्हणजे 'ड्राइव्ह माय कार'मधले, ज्या सिनेमाला ऑस्कर मिळालं. नट कसलेले आहेत, सावकाश बोलतात, वेग कमी करावा लागणार नाही.

आणि आईबाप आहेत. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यांना मुलाचं माहीत आहे. आई फोनवर समजूतदारपणाचा असा मारा करते की शिरोला फोन ठेवावासा वाटतो. पहिल्या सीझनच्या शेवटी तो नवीन वर्षाला केंजीला घरी नेतो. केंजी असा बसतो, जणू परीक्षा आहे. कुणी ओरडत नाही, कुणी घराबाहेर काढत नाही, आणि तरी बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पुढं २०२१ च्या चित्रपटात आईवडिलांना ते झेपलेलं नसतं हे कळतं, आणि नवीन वर्षाचं घरी जाणं बंद होतं. दुसरा सीझन २०२३ चा. ओळीनं बघ, मधलं गाळू नको.

मासे येतात त्यात, खोटं कशाला बोलू. पण टेबलावर छोट्या वाडग्यांत. कापाकापी मूनलाइट चिकनसारखी नाही. रिमोट हातात ठेव.

'चेरी मॅजिक' नंतर लाव. तीही टीव्ही टोकियोचीच, २०२० ची, स्पर्श केला की मनातलं ऐकू येतं ती. गोड आहे, पण शेवटी लिफ्टचं दार ऐन वेळी बंद होतं ते मला अजून माफ करता आलेलं नाही.

---

गुलाबी_दूध (कराड)

लिफ्टचं दार!! त्या दारावर स्वतंत्र धागा काढा कुणीतरी.

---

कृष्णाकाठची (सांगली)

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते, यार्डात आवक फार आहे सध्या.

बेदाणा, तू म्हणालास त्या वाक्यामुळं 'टूगेदर' बाद केली. मी ती आत्यांना लावणारच होते, गिटारवाला सारावत त्यांना आवडला असता. पण सुरुवातभर दुसरा नायक आपला "मला मुली आवडतात" एवढंच घोकतो, आणि ते मला मराठीत मोठ्यानं म्हणावं लागलं असतं. नुसतं वाचणं वेगळं आणि स्वतःच्या तोंडानं म्हणणं वेगळं, हे रोज रात्री वाचून दाखवताना मला कळायला लागलंय. कितीतरी ओळी अशा आहेत की डोळ्यांनी गोड वाटतात आणि जिभेवर घेतल्या की पोकळ.

पोवईनाका, लावली. जपानी लावली.

पहिल्याच भागात केंजी सलूनमधल्या गिऱ्हाइकाला सांगून टाकतो की आपला जोडीदार वकील आहे, आणि शिरो त्याच्यावर भडकतो. ऑफिसात कुणाला माहीत नसतं ना. मी वाचून दाखवलं. आत्या केंजीच्या बाजूनं. "कवतिकानं सांगितलं त्येनं. बायका सांगत न्हाईत व्हय, आमचे ह्ये हमके हाईत म्हणून?" मग थोड्या वेळानं, "पर वकिलाचं बी खरं हाय. गिऱ्हाईक तुटलं म्हंजे?" आमच्या घरात चाळीस वर्षं दुकान होतं, हे इथं सांगायला हवं.

स्वयंपाकावर मात्र त्यांचं बारीक लक्ष. भाजी चिरताना शिरोचा हात चांगला आहे असं प्रशस्तिपत्रक मिळालंय. सगळ्यात सोया सॉस ओततो, ते पटलेलं नाही. मासे आले की मी दहा-दहा सेकंद पुढं ढकलते आणि आत्या तोवर खिडकीबाहेर बघतात. काम चाललंय.

कलिंगडाच्या प्रसंगाला त्यांनी मला थांबवायला लावलं. किती येन, त्याचे रुपये किती, एवढंसं कलिंगड आणि एवढे पैसे? मी मोबाईलवर हिशेब करून सांगितला. "द्राक्षं काय भावानं असतील तितं?" बेदाणा, हे तुझ्या वडिलांना विचार.

मग त्यांचा नेहमीचा प्रश्न आला, जो बॅड बडीलाही आला होता: "ही दोगं लगीन करणार हाईत का न्हाई?" मी सांगितलं, जपानात तसा कायदा नाही. तैवानात मे २०१९ पासून आहे. थायलंडात २३ जानेवारी २०२५ पासून, म्हणजे तुमच्या गच्चीवरच्या पोरांना आता करता येईल. "आन् आपल्यात?" आपल्यात २०१८ ला गुन्हा राहिला नाही, पण लग्नाला कोर्टानं ऑक्टोबर २०२३ मध्ये नाही म्हटलं, ते संसदेनं बघावं म्हणून. आत्या म्हणाल्या, "मग आजारी पडलं तर दवाखान्यात सही कोण करणार?" मला याचं उत्तर देता आलं नाही. शिरो-केंजीलाही पुढं म्हातारपण, पैसा, मिळकत यांची काळजी लागते, तेव्हा आत्याच मालिकेच्या चार भाग पुढं आहेत म्हणायचं.

तरफसाहेब, संयुक्त मानापमानाचं सांगितलं. त्यांच्या वडिलांना नाटकाचा नाद होता, बैलगाडी जोडून नाटकाला जायचे म्हणे. एक पद म्हणायला लागल्या, अर्धं विसरल्या, आणि मला म्हणतात, "त्यो बासरीवाला लाव की मग." पण ५० भाग पाऊण वेगानं वाचायचे म्हणजे माझा घसा राहायचा नाही. दिवाळीनंतर बघू.

जपानी संपली की 'अ टेल ऑफ थाउजंड स्टार्स' लावायचं ठरवलंय. डोंगरातलं गाव, शिकवायला आलेला शहरी पोरगा, वनखात्याचा अधिकारी. ती माझ्या आवडीची असण्याचं कारण वेगळं आहे. त्यात गावकरी चहाची पानं विकतात आणि व्यापारी त्यांना नाडतो, तिथं हा पोरगा मध्ये पडतो. हमाली-तोलाई कापून शेतकऱ्याच्या हातात पट्टी देणारी बाई मी. तो प्रसंग बघताना मी प्रेमकथा विसरून वजनकाट्याकडं बघत होते. बॅड बडी आणि मूनलाइट चिकन ज्यांनी केली त्या ऑफ नोप्पार्नाच यांचीच ती आहे. हा माणूस आईबापांना नुसतं ओरडायला ठेवत नाही.

---

बेदाणा (तासगाव, सध्या पुणे)

"दवाखान्यात सही कोण करणार." ताई, पुण्यात आम्ही मित्र जमलो की हाच विषय असतो. आत्यांना सांगा, प्रश्न बरोबर आहे.

द्राक्षांचं वडिलांना विचारतो. ते खूश होतील, जपानचं नाव काढलं की.

आणि एक विचारू का? तुम्ही जे वाचून दाखवता ते फोनवर रेकॉर्ड करता का? थाउजंड स्टार्सचं केलंत तर मला हवंय. बहिणीला इंग्रजी ओळी झेपत नाहीत, आणि तिच्यापुढं बसून मी स्वतः ते वाचू शकत नाही.

---

गुलाबी_दूध (कराड)

थांबा थांबा. रेकॉर्डिंग असेल तर मी ऐकून टाइप करते. सबटायटलची एसआरटी फाईल म्हणजे साधा मजकूरच असतो, ओळ आणि तिची वेळ. होस्टेलवर आम्ही चौघी आहोत, एकीनं एक तुकडा घेतला तर एक भाग एका रात्रीत होईल. फक्त ताई, वाचताना वेग पाऊण ठेवू नका, नाहीतर सगळ्या वेळा चुकतील.

---

कृष्णाकाठची (सांगली)

वेग पूर्ण ठेवला तर माझा श्वास पुरत नाही गं. वेळा तुम्ही जुळवा, इंजिनिअर होताय ना?

रेकॉर्डिंग करते. पण मधे मधे आत्या बोलणार, ते गाळायचं का ठेवायचं?

---

गुलाबी_दूध (कराड)

ठेवा. कंसात टाकू.